घरात अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ: सरकारी मदत नेमकी काय आणि कुठून? (पुणे शहर)

ज्येष्ठसंघ_सहकारनगर

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी एका पानाचं माहितीपत्रक तयार करतोय. विषय: घरी पडून असलेल्या माणसाच्या देखभालीला सरकारकडून काय मिळतं. संघाकडे विचारणा घेऊन येणारी घरं साधारण तीन प्रकारची असतात.

(अ) ७२ वर्षांच्या विधवा बाई, पेन्शन नाही, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, रेशनकार्ड पिवळं, मुलगा मिळेल ते काम करतो.
(आ) ८३ वर्षांच्या आजी, केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या पत्नी, फॅमिली पेन्शन चालू, डिमेन्शिया.
(इ) ७८ वर्षांचे गृहस्थ, खासगी नोकरीतून निवृत्त, पार्किन्सन्स, नोकरदार मुलीकडे राहतात.

तिघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: ब्युरोतून मावशी ठेवली तर तिचे पैसे सरकार देतं का? ते नसेल तर दुसरं काय मिळतं, अर्ज कुठे करायचा आणि तो कुठे अडकतो? कृपया योजनांची नावं नुसती मोजू नका, तेवढी व्हॉट्सअॅपवर रोज येतात.

दाखला_कट्टा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पत्रकात सगळ्यात वर, ठळक छापा: मावशीचा किंवा अटेंडंटचा पगार देणारी, सर्वांना लागू अशी सरकारी योजना नाही. केंद्राची 'अटल वयो अभ्युदय योजना' आहे, पण तिचं अनुदान वृद्धाश्रम, फिरता दवाखाना, देखभाल केंद्र चालवणाऱ्या संस्थांना जातं. घरच्या खात्यात त्यातला रुपया येत नाही. हे आधीच कळलं तर लोकांच्या चार चकरा वाचतील.

जे मिळतं ते तुकड्यातुकड्यांनी. (अ) घरापासून सुरू करतो.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतूनच नोंद होते आणि उरलेली रक्कम राज्य घालतं. हातात दोन्हीकडून मिळून महिना १,५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५पासून २,५०० केले आहेत. पक्षाघाताच्या बाईंसाठी ही १,००० रुपयांची तफावत मोठी आहे, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राचं काम त्यांच्या घरी लगेच सुरू करायला सांगा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ हे दोन्ही लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा किंवा सेतू केंद्रातून भरायचा. सोबत वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि पासबुक. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, म्हणून अर्ज दिल्या दिवशी काही होत नाही. पोचपावती मात्र त्याच दिवशी घ्या. पावती नसेल तर तीन महिन्यांनी 'तुमचा अर्जच दिसत नाही' यावर बोलायला काही उरत नाही.

सर्वात जास्त अर्ज अडतात उत्पन्नाच्या दाखल्यावर. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. पुण्यात या आकड्यात खरोखर जगणारं घर शोधून सापडणार नाही, आणि ही मर्यादा कित्येक वर्षं हललेली नाही. तरी खोटं प्रतिज्ञापत्र करू नका. मुलगा वेगळा राहत असेल, त्याचं रेशनकार्ड वेगळं असेल तर तशी वस्तुस्थिती तलाठ्याच्या चौकशीत स्पष्ट सांगा आणि कागद दाखवा. एकाच कार्डावर नावं ठेवून 'मुलगा बघत नाही' असं नुसतं तोंडी सांगितलं तर अहवाल विरोधात जातो.

दुसरी अडचण मंजुरीनंतरची. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत 'आधार लिंक' असणं आणि थेट लाभासाठी 'आधार सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि जे शेवटचं जोडलं त्यातच पैसे पडतात. मुलाने मधेच आईचं पोस्ट पेमेंट्स बँकेत नवं खातं उघडून दिलेलं असतं, पैसे तिकडे साठत राहतात आणि घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव कळतं. आधी ते पाहा, मग तहसीलला जा.

दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं.

फिजिओ_कर्वेरोड

दिव्यांग प्रमाणपत्राचं मी सविस्तर लिहिते. पडून असलेल्या माणसाच्या बाबतीत हाच कागद सगळ्यात जास्त दारं उघडतो आणि 'म्हातारपण आहे, दिव्यांग कसले' असं म्हणून हाच कागद सगळ्यात उशिरा काढला जातो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्सचं नाव त्यात स्वतंत्रपणे आहे, श्रवणदोष आहे, अल्पदृष्टी आहे. पक्षाघाताने गेलेला हात-पाय चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोजतात. वयाची वरची अट नाही.

अर्ज फक्त ऑनलाइन, स्वावलंबन कार्डाच्या म्हणजे यूडीआयडीच्या पोर्टलवर. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरी-चिंचवडला वायसीएम. निवडण्याआधी त्या रुग्णालयात चौकशी करा की तुमच्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी होते. अस्थिव्यंगाचा वार वेगळा, मेंदूविकाराचा वेगळा, कानाचा वेगळा. चुकीच्या वारी रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून नेलं तर भाडं तर जातंच, शिवाय त्या माणसाचे जे हाल होतात ते बघवत नाहीत.

पक्षाघातानंतर लगेच जाऊ नका. झटका आल्यापासून साधारण सहा महिने गेल्यावर मूल्यमापन करतात, कारण तोवर सुधारणा होत असते. त्या सहा महिन्यांत कागद जमवा: डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट (फिल्मसुद्धा), चालू औषधांची चिठ्ठी, आणि फिजिओथेरपिस्टचं पत्र. पत्रात 'रुग्ण अशक्त आहे' असं मोघम नको. कोणत्या स्नायूंची ताकद किती, उठून बसता येतं का, आधाराने किती पावलं, शौचाला स्वतः जाता येतं का, जेवण कोण भरवतं, हे हवं. टक्केवारी आजाराच्या नावावर ठरत नाही, त्याने काय करता येईनासं झालं यावर ठरते. घरच्यांनीही तपासणीच्या वेळी आब राखण्यासाठी 'तसे करतात सगळं' असं म्हणू नये. हे फार होतं.

४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक लाभ लागू होतात. कार्डाचे रंग: ४०च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि त्यावर निळं. प्रमाणपत्रावर मुदत घातली असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता घरी येणाऱ्या आरोग्यसेवेबद्दल. २०१०-११ला सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरी भेट देणं आणि घरच्यांना देखभाल शिकवणं हे काम धरलेलं आहे. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी, १० खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपीही त्यात आहे. पुण्यासाठी जिल्हा रुग्णालय म्हणजे औंध. घरभेटीसाठी मात्र आपल्या प्रभागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात जायचं. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या: रुग्णाचं नाव, वय, पत्ता, किती महिने पडून आहे, कॅथेटर, नळी, शय्याव्रण यांपैकी काय आहे, आणि घरी काळजी घेणाऱ्याचा फोन. आशाताईंच्या यादीत ज्येष्ठांचे तीन गट असतात: हिंडते-फिरते, कमी हालचाल असलेले, घरात किंवा अंथरुणात अडकलेले. आपलं माणूस तिसऱ्या गटात नोंदलं गेलंय याची खात्री करा. लेखी मागणी नसेल तर घरभेट सहसा होत नाही, कारण बंद दाराआडचा रुग्ण त्यांना दिसतच नाही.

यातून अपेक्षा काय ठेवायची? रक्तदाब, साखर तपासणं, औषधं, जखम बघणं, पुढे पाठवणं, घरच्यांना कूस बदलायला शिकवणं. आंघोळ घालणं, रात्रपाळी, भरवणं यातलं काही नाही.

कर्करोगाचा रुग्ण असेल तर सरकारी नसलेली पण मोफत अशी एक सोय पुण्यात आहे: वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर. त्यांची टीम घरीही येते. पत्रकात ही ओळ नक्की घाला.

पेन्शन_खिडकी

(आ) घरासाठी. इथे नवीन योजना शोधण्याआधी हक्काचं थकलेलं आहे का ते बघा.

केंद्र सरकारच्या पेन्शनरला आणि फॅमिली पेन्शनरला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि १०० वर्षांना १०० टक्के. ज्या महिन्यात वाढदिवस, त्या महिन्याच्या १ तारखेपासून. मूळ पेन्शन १८,००० असेल तर ३,६०० जादा, आणि त्यावर महागाई भत्ताही. रोज काही तास येणाऱ्या बाईच्या पगाराचा मोठा भाग यातून निघतो.

हे आपोआप मिळायला हवं, पण फॅमिली पेन्शनमध्ये नेमकं इथेच अडतं. जुन्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) पतीची जन्मतारीख असते, पत्नीची नसते. बँकेच्या यंत्रणेला आजींचं वय माहीतच नसतं, म्हणून ८० उलटून तीन वर्षं झाली तरी जादा रक्कम सुरू होत नाही. उपाय: जन्मतारखेच्या पुराव्यासह (पॅन, आधार, पासपोर्ट, शाळेचा दाखला यांपैकी जे असेल ते) पेन्शन देणाऱ्या बँकेला आणि पतीच्या शेवटच्या कार्यालयाला एकाच वेळी अर्ज, पीपीओची प्रत जोडून. थकबाकीही मागा. राज्य सरकारच्या पेन्शनरांनाही ८० नंतर वाढ आहे. त्यांचे टप्पे कोषागारात विचारावेत, केंद्राचे टक्के त्यांना लावून पत्रकात छापू नका.

'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स'बद्दल हमखास विचारतात, कारण नावातच अटेंडंट आहे. १ जुलै २०१७पासून तो महिना ६,७५० ठरला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की त्यात २५ टक्के वाढ धरलेली आहे. पण तो नोकरीमुळे १०० टक्के अपंगत्व येऊन निवृत्त झालेल्यांसाठी आहे, सैन्यात आणि मुलकी सेवेतही. निवृत्तीनंतर २० वर्षांनी अंथरुणाला खिळलेल्यांना लागू नाही.

डिमेन्शियाच्या घरांसाठी बँकेचं. सही जमेनाशी झाली की शाखेतून 'त्यांना घेऊन या' असं सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत: आजारी, वृद्ध पेन्शनरला सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरच्यांना आणि दिव्यांगांना घरपोच बँक सेवा द्यायची हेही रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. शाखाधिकाऱ्याला लेखी द्या, तोंडी वाद घालू नका.

हयातीच्या दाखल्यासाठी आजींना नोव्हेंबरच्या गर्दीत न्यायची गरज नाही. ८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरला १ ऑक्टोबरपासून तो देता येतो. 'जीवन प्रमाण' मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. घरी जमत नसेल तर पोस्टमन येऊन करून देतो, शुल्क ७० रुपये. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्याचा पर्यायच मागा.

ज्येष्ठसंघ_सहकारनगर

तिघांचेही आभार. दोन शंका. एक, आयुष्मान वय वंदना कार्डातून घरच्या नर्सचा खर्च निघतो असं काही सभासद ठामपणे सांगतात, ते खरं का? दोन, (इ) घराला उत्पन्नाच्या अटीमुळे काहीच लागू नाही असं लिहायचं का?

दाखला_कट्टा

पहिलं: नाही. वय वंदना कार्ड ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो. २९ ऑक्टोबर २०२४पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. डिस्चार्जनंतरचे १५ दिवसांचे औषधोपचार त्यात येतात, त्याच्यापुढे घरचं काही नाही. तरी काढून ठेवा. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि थांबायचा काळ नाही. घरात ७०च्या वरचे दोघे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं, त्यामुळे (आ)च्या आजींनी घाईने होकार देऊ नये. खासगी मेडिक्लेम असेल तर तो चालू ठेवून हे घेता येतं.

ते काढायला फक्त आधार लागतो. पडून असलेल्या माणसाचं आयुष्मान अॅपवर चेहरा दाखवून घरीच होतं. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर आणखी सोपं. हा मोबाइल नंबर म्हणजे सगळ्याचं मूळ आहे. माणूस चालता-बोलता असतानाच तो जोडून घ्या.

साधनांसाठी दोन योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री, २०१७ची: वय ६० वर, बीपीएल किंवा महिना १५,०००च्या आत उत्पन्न, शिबिरात तपासून वस्तूच देतात. काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री, फेब्रुवारी २०२४च्या निर्णयाची: ३१ डिसेंबर २०२३ला वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, आणि एकदाच ३,००० रुपये खात्यात. हा अर्ज सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे. पुण्यात ते कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. आधार, पासबुक, दोन फोटो आणि स्वयंघोषणापत्र. मागच्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून घेतलेलं नसावं. पैसे आल्यावर ३० दिवसांत खरेदीचं बिल अपलोड करायचं, नाहीतर वसुली निघू शकते. म्हणून बिल पक्कं आणि लाभार्थ्याच्याच नावाचं घ्या. ३,०००त चांगलं श्रवणयंत्र येत नाही, तो नाद सोडा. पडून असलेल्या माणसाला कमोड खुर्चीचा उपयोग त्याहून कितीतरी जास्त. रात्री संडासापर्यंत जाताना होणारी पडापड तिने टळते.

करपत्र_पुणे

दुसऱ्या शंकेचं: 'काहीच नाही' असं लिहू नका. (इ)मध्ये मदत मुलीच्या प्राप्तिकरात आहे, आणि तीही सरकारचीच. अट एकच, तिने जुनी करप्रणाली निवडलेली हवी. नव्या प्रणालीत यातलं काही मिळत नाही. कलमांचे क्रमांक १९६१च्या कायद्यातले देतो.

८०डीडी: अवलंबून असलेला दिव्यांग आई-बाप. ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० टक्के आणि वर १,२५,००० रुपये वजावट. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ही रक्कम बदलत नाही, मावशीचा पगार धरून खर्च कमी असला तरी पूर्ण मिळते. वर फिजिओताईंनी सांगितलेलं प्रमाणपत्र इथे लागतं. वडिलांनी स्वतः ८०यू (स्वतःच्या दिव्यांगत्वाची वजावट) घेतलं तर मुलीला ८०डीडी नाही. 'अवलंबून' हा शब्दही खरा असायला हवा: वडिलांना व्याजाचं भरपूर उत्पन्न असेल तर दावा टिकणार नाही.

८०डीडीबी: ठरावीक आजारांच्या उपचारांचा खर्च, रुग्ण ६०च्या वर असेल तर १ लाखापर्यंत. यादीत पार्किन्सन्स आणि डिमेन्शिया दोन्ही आहेत, अपंगत्व ४० टक्क्यांपासून पुढे असेल तर. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते, फॅमिली डॉक्टरची चालत नाही. विम्यातून परत आलेली रक्कम वजा होते.

८०डी: आई-वडिलांचा आरोग्य विमाच नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्च ५०,०००पर्यंत. रोखीने दिलेला धरत नाहीत. म्हणून मेडिकलवाल्याला पहिल्या महिन्यापासून यूपीआयने द्या आणि बिलं एका पाकिटात ठेवा. मार्चमध्ये जुनी रोख बिलं गोळा करून काही होत नाही.

फिजिओ_कर्वेरोड

पत्रकात हेल्पलाइनचा क्रमांक टाका: एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस. महाराष्ट्रात ती पुण्याचं जनसेवा फाउंडेशन चालवतं. योजनांची माहिती मिळते आणि एकट्या पडलेल्या किंवा छळ होत असलेल्या ज्येष्ठासाठी प्रत्यक्ष माणूसही पाठवतात.

आणि (अ)सारख्या घरात मुलगा खरंच बघत नसेल तर २००७च्या पालक निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साध्या कागदावर अर्ज करता येतो. महिना १०,०००पर्यंत निर्वाह ठरवून देतात, नोटिशीपासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. बाईंना जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, म्हणजे तुमचा संघसुद्धा.

ज्येष्ठसंघ_सहकारनगर

एका पानात मावणार नाही, दोन पानं करतो. क्रम असा लावतोय: आधारला मोबाइल, बँक सीडिंग, दिव्यांग प्रमाणपत्र, मग बाकीचं. मसुदा रविवारी इथेच टाकतो, चुका दाखवा.

पेन्शन_खिडकी

क्रम बरोबर आहे. फक्त (आ)च्या पानावर पहिली ओळ 'पीपीओ काढून पत्नीची जन्मतारीख आहे का पाहा' ही ठेवा. डिमेन्शिया असलेल्या आजींना कागद कुठे ठेवलाय ते अजून आठवत असेल, तर तो आजच विचारून घ्यायला सांगा.